येऊ द्या मास्तरांचे फाटक

चूक माझी होती. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. आजवर तीन-चारदा हे लिहायला बसलो आणि प्रत्येक वेळी आधी धरणाविषयी लिहिले, मग साहेबाविषयी लिहिले, आणि मूळ गोष्टीपाशी आलो की उठून अंगणात फेऱ्या घालत राहिलो. धरणाच्या कामावर मी फाटकाचा कारकून होतो. सुरुंगाचे तांबडे निशाण वर चढलेले असताना, मागे वळून न बघता, मी एका वयस्क माणसाला आणि एका बाईला फाटकातून आत सोडले. त्या माणसाचे कान कायमचे गेले. पुढे त्याने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. तो माणूस म्हणजे आमचे येऊ द्या मास्तर.

भोरमध्ये तेव्हा इंग्रजी शिकवणारे आणखीही दोघे-तिघे होते. ते पाठ्यपुस्तक धरून शिकवत आणि मुलांना रडवत. मास्तर मोठ्या माणसांना शिकवत आणि फक्त एकच क्रियापद शिकवत. ते म्हणजे 'लेट'. जाऊ देणे, येऊ देणे, करू देणे. मराठी शाळेतून पेन्शनीत निघालेला हा माणूस. तरुणपणी कुठल्याशा साहेबाच्या मुलांना मराठी शिकवायला राहिले होते, तेवढ्यात जी इंग्रजी कानावर पडली ती पडली. "बाकीची क्रियापदं साहेबाची साहेबाला राहू द्यात," ते म्हणत. "आपल्याला त्याच्या फाटकातून पलीकडे जायचंय. तेवढ्याला हे एक बस झालं."

'येऊ द्या' हे नाव त्यांना लोकांनी दिले. शिकणारा अडखळला की मास्तर पुढे वाकत, डाव्या हाताचा पंजा कानामागे धरत आणि म्हणत, "येऊ द्या, येऊ द्या." समोरच्याच्या तोंडून शब्द बाहेर पडेपर्यंत त्यांचेच ओठ हलत असायचे. रस्त्यात कुणी रामराम घातला तरी उत्तर तेच. दारात गाय आली तरी तेच. स्वतः मात्र घरात शिरतानासुद्धा विचारून शिरत. आम्ही त्यांच्या पत्नीला काकू म्हणायचो. मास्तर जेवायला आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहून विचारत, "बसू का?" काकू चुलीवरून मान न वळवता म्हणत, "बसा की. पाट काय मी दाव्याला बांधून ठेवलाय?" चाळीस वर्षांच्या संसारात हे रोज दोनदा होत असणार.

फाटकाची गोष्ट अशी. वरच्या खोऱ्यातली माणसे भोरच्या बाजाराला यायची ती नदीकाठच्या वाटेने. धरणाचे काम सुरू झाले आणि ती वाट नेमकी कामाच्या पोटात गेली. तिथे कुंपण आले, फाटक आले, फाटकाला लाकडी आडणा आला. पास असेल त्यालाच आत सोडायचे. नाहीतर डोंगराला वळसा, म्हणजे दोन कोस जास्त, तेही डोक्यावर पाटी घेऊन. कामावरचा इंग्रज साहेब सकाळी फाटकाशेजारी खुर्ची टाकून बसायचा. माणूस वाईट नव्हता. पण लोक हातवारे करू लागले, गयावया करू लागले की तो वैतागायचा आणि सगळ्यांनाच हाकलायचा. तूप घेऊन आलेल्या एका धनगरणीला त्याने असे परत पाठवलेले मास्तरांनी पाहिले. पुढच्या बाजारापासून ते फाटकाच्या अलीकडे, जांभळीखाली, घोंगडी टाकून बसू लागले.

तिथे त्यांनी जो नियम घातला तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आपल्यासाठी मागायचे नाही. आपल्या मागे जो उभा आहे त्याच्यासाठी मागायचे. पहिल्या माणसासाठी मास्तर विचारणार, पहिला दुसऱ्यासाठी, दुसरा तिसऱ्यासाठी. "सर, लेट हिम गो." बाई असली तर "लेट हर गो." मी एकदा विचारले, "मास्तर, एवढा खटाटोप कशाला? ज्याने त्याने आपलं आपण विचारावं." ते म्हणाले, "स्वतःसाठी मागताना माणसाचा आवाज एकतर बारीक होतो, नाहीतर उगाच चढतो. दुसऱ्यासाठी मागताना बरोब्बर लागतो. तू ऐकून बघ." मी ऐकले. खरेच होते. साहेबालाही ते लागले असावे. पहिल्या दिवशी तो हसला, दुसऱ्या बाजाराला त्याने टोपी काढली, आणि महिनाभरात बाजाराच्या दिवशी फाटक उघडायचे असे ठरूनच गेले. वरच्या खोऱ्यातले लोक त्याला मास्तरांचे फाटक म्हणू लागले.

गमतीही व्हायच्या. कोंडिबा म्हणून एक गवळी होता, कायम रांगेत शेवटी यायचा. एकदा तो पोचेपर्यंत पुढची सगळी रांग आत निघून गेली होती, आणि मागेही कुणी माणूस नव्हता, फक्त त्याची म्हैस होती. नियम म्हणजे नियम. कोंडिबाने छाती काढून सांगितले, "सर, लेट हिम गो," आणि म्हशीकडे बोट केले. साहेबाने गंभीरपणे म्हशीला वाट दिली. म्हैस गेली निघून, आणि कोंडिबाला कळेना की आपण आत आहोत का बाहेर. तिकडून ठकूबाई ओरडली, "आरं मुडद्या, म्हसरू भोरात पोचलं, तू काय हितं पावना हाईस व्हय?"

"मंग माज्यासाठी कोन इचारनार?"

"म्या इचारते. सर, लेट हिम गो! जा आता. आन् घरी गेल्यावर म्हशीलाबी शिकव, पुढच्या बाजारी ती तुज्यासाठी इचारंल."

ही ठकूबाई तीच, जिला साहेबाने पहिल्यांदा परत पाठवले होते. हडकुळी, उंच, कपाळावर मोठे गोंदण. सगळ्या शिष्यांत तिचा उच्चार स्वच्छ. तिला मास्तर 'मॉनिटर' म्हणत आणि ती तो मान मोठ्या रुबाबात मिरवायची.

एक बडे पाटील एकदा घोड्यावरून जांभळीखाली आले. रांगेत उभे राहणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. म्हणाले, "मास्तर, मला माझ्यापुरतं शिकवा. मी एकटा येणार, एकटा जाणार." मास्तरांनी हात जोडले. "ते मला येत नाही हो." पाटील तणतणत डोंगराच्या वाटेला लागले. आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. खोटे बोलल्याचे त्यांना दिवसभर लागून राहिले आणि संध्याकाळी काकूंना ते सांगितलेही.

मी त्यांचा जुना विद्यार्थी. वडील लवकर गेले. आई आणि दोन लहान बहिणी. मास्तरांनी मला सकाळी घरी बोलावून मुळाक्षरांपासून शिकवले. पुढे मी पुण्याला मॅट्रिक झालो आणि तेव्हा मला कळले की मास्तरांना इंग्रजी फारशी येतच नाही. हे कळल्यावर मी त्यांच्याशी थोडा वेगळा वागू लागलो. वाकून नमस्कार करायचो, पण मनात कुठेतरी मी त्यांच्यापुढे निघून गेलो होतो. ही गोष्ट लिहायला मला लाज वाटते, आणि ती लिहिली नाही तर पुढचे काही समजणार नाही.

मॅट्रिक म्हणून मला धरणाच्या फाटकावर कारकुनी मिळाली. पेढे घेऊन गेलो तेव्हा मास्तरांनी पेढा हातात धरून ठेवला. म्हणाले, "मागणं सोपं असतं बरं का. मी शिकवतो ते सोपं आहे. तुझं काम अवघड. हो म्हणणाऱ्याने आधी पुढची वाट बघून यायला हवी." मी मान हलवली. मला वाटले, म्हाताऱ्याला उपदेश करायची सवयच आहे.

तो चैत्रातला दिवस. बाजार नव्हता. साहेब पुण्याला गेला होता आणि फाटकावर मी एकटा होतो. दुपार टळत आली होती. साहेबाची वेताची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसलो. नुसता बसलो नाही, पाय लांब करून, त्याच्यासारखी टोपी गुडघ्यावर ठेवून बसलो. कामावर पद्धत अशी होती की सुरुंगाआधी रुळाचा तुकडा बडवायचे आणि माझ्या पाठीमागच्या टेकाडावर तांबडे निशाण चढवायचे. निशाण उतरेपर्यंत आडण्याला हात लावायचा नाही. रुळाचा आवाज झाला होता. मी तो ऐकलाही असणार. दिवसातून चारदा ऐकायचो, त्यामुळे ऐकला हे कळले नाही.

तेवढ्यात मास्तर आणि ठकूबाई आले. तिच्या लेकीकडे काही कार्य होते, तुपाचे गाडगे पोचवायचे होते, आणि गाडगे मास्तरांच्या हातात होते. मला खुर्चीत बसलेला बघून मास्तर थबकले. मी उठायला हवे होते. उठलो नाही. मास्तरांनी गाडगे खाली ठेवले, उपरणे नीट केले आणि साहेबासमोर उभे राहत तसे माझ्यासमोर सरळ उभे राहून म्हणाले, "सर, लेट हर गो."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'सर' म्हटले, आणि म्हणणारे माझे मास्तर होते. त्यांच्या पाठोपाठ ठकूबाईने मास्तरांकडे बोट करून ठणठणीत आवाजात म्हटले, "सर, लेट हिम गो."

त्या क्षणी मला काय झाले ते मी अनेक वर्षे स्वतःला नीट सांगितले नव्हते. काम फार होते, ऊन होते, असे काहीबाही सांगत आलो. खरे एवढेच की मला आनंद झाला. हो म्हणण्याचा आनंद. मी उठलो, साहेबासारखा हात हलवला, "येस, सर्टन्ली" म्हणालो आणि स्वतःच्या हातांनी आडणा उचलला. मान मागे वळवून टेकाडाकडे बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी घेतला नाही.

ती दोघे शंभरेक पावले गेली असतील. मग टेकाडावरून मुकादम ओरडत असल्याचे मला ऐकू आले. मास्तरांनाही ऐकू आले असावे. त्यांनी ठकूबाईला दगडांनी भरलेल्या गाडीमागे ढकलले, आणि ते स्वतः आडोशाला जायच्या आत सुरुंग उडाला. मी धावत पोचलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसून टोपी शोधत होते. दोन्ही कानांतून रक्त येत होते. ठकूबाईला खरचटलेसुद्धा नव्हते. मी "मास्तर, मास्तर" म्हणत होतो आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबाने चौकशी केली. मास्तरांच्या कानांना फडकी बांधलेली. प्रश्न कागदावर लिहून दाखवावा लागला आणि तो लिहिला मीच, साहेबाच्या सांगण्यावरून: तुम्हाला आत कुणी सोडले? मास्तरांनी कागद वाचला. माझ्याकडे बघितले नाही. त्यांना आपला आवाज कळत नव्हता, म्हणून ते फार मोठ्याने म्हणाले, "कुणी नाही. कारकून तिकडे तोंड करून बसला होता. आडणा मीच उचलला." साहेबाने माझ्याकडे पाहून विचारले, असेच झाले का? माझ्या डोळ्यांपुढे आई होती, बहिणी होत्या. नोकरीही होती. मी म्हणालो, "येस, सर."

ठकूबाई कोपऱ्यात उभी होती. ती पुढे सरकली तसा मास्तरांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवले. तिने पदर तोंडात धरला. त्यानंतर मी तिथे होतो तोवर ती मला कितीदा तरी दिसली. बोलली कधीच नाही. नुसती बघायची, आणि मी वही उघडायचो.

साहेबाने फाटक सगळ्यांनाच बंद केले. बाजाराच्या दिवशीही. वरच्या खोऱ्यातल्या माणसांना काम संपेपर्यंत, दोन वर्षे, डोंगराचा वळसा पडला. आणि त्यांनी राग काढला तो मास्तरांवर. कोंडिबा चारचौघांत म्हणाला, "आमास्नी इचारायला शिकवतंय, आन् सोता न इचारता आडणा उचलून घुसतंय. ह्येच्यापायी आमी वळसा घालतूय." पोरेसुद्धा मास्तरांच्या मागून "आडणा, आडणा" ओरडत जायची. मास्तरांना काही ऐकू येत नव्हते. कुणी हाक मारतेय असे समजून ते वळत, हसत, कानामागे पंजा धरत आणि म्हणत, "येऊ द्या, येऊ द्या." एकदा मी हे भर पेठेत बघितले आणि पलीकडच्या बोळात शिरलो.

वर्षभरात मास्तर आणि काकू भोर सोडून पालीला, राजगडाखाली त्यांच्या मूळ गावी, राहायला गेले. निरोप द्यायला मी गेलो नाही. धरणाचे काम संपल्यावर मला पुण्याला चांगली जागा मिळाली. लग्न झाले, मुले झाली. धाकटा विचारायचा, "बाबा, मी खेळायला जाऊ?" तेवढ्याशा प्रश्नाला माझ्याच्याने हो म्हणवत नसे. मी चप्पल घालून खाली जायचो, रस्ता बघायचो, विहिरीवरचे झाकण बघायचो, मग वर येऊन जा म्हणायचो. तोवर पोराचा खेळ संपलेला असायचा. बायको म्हणायची, "अहो, पोराला खेळायला सोडताय की लढाईला?" तिला मी सांगितले नव्हते. कुणालाच सांगितले नव्हते.

पालीला जायचे म्हणून दोनदा निघालो. मोटरने नसरापूरला उतरायचे आणि पुढे बैलगाडीने जायचे. दोन्ही वेळा नसरापूर आले आणि मी उतरलो नाही. थेट सारोळ्याला पुलापाशी उतरलो, चहा प्यायलो, नीरेचे पाणी बघत पुलावर येरझाऱ्या घातल्या आणि पुण्याकडे जाणारी मोटर धरली. तिसऱ्या वेळी उतरलो. मधे पंधरा वर्षे गेली होती.

दार काकूंनी उघडले. पार वाकल्या होत्या. "अगं बाई, तू होय? ये, ये. आठवण झाली म्हणायची." मास्तर ओसरीवर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मला तिथून पळून जावेसे वाटले. शेजारी पाटी-पेन्सिल होती. काकू त्यांच्याशी खुणांनी बोलायच्या. लिहिता येणारे कुणी आले तर पाटी लागायची. मी पाटी घेतली आणि लिहिले, "त्या दिवशी आडणा मी उचलला. निशाण बघितले नाही. साहेबापुढे खोटे बोललो."

मास्तरांनी वाचले. काय लिहिलंय, असे काकूंनी हाताने खूण करून विचारले. मास्तरांनी बाहीने पाटी पुसली आणि मोठ्याने म्हणाले, "खुशाली विचारतोय."

पंधरा वर्षांनीही ते मला झाकत होते. काकूंनासुद्धा त्यांनी सांगितले नव्हते. मग पेन्सिल घेऊन, एकेक अक्षर सावकाश काढत, त्यांनी लिहिले: "निशाण मीही पाहिले नाही. मी खुर्चीत बसलेल्या तुझ्याकडे बघत होतो."

ते वाचून मी पाटी खाली ठेवली. मग काकूंकडे वळलो आणि सगळे तोंडाने सांगितले, पहिल्यापासून. मास्तर अस्वस्थपणे माझ्या ओठांकडे बघत होते आणि हाताने नको, नको करत होते. काकूंनी ते पुरते ऐकून घेतले. शेवटी पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? मी यांना कधी बोल लावला नाही. ज्यांच्या शिव्या हे हसत झेलत राहिले, त्यांना जाऊन सांग."

दोन दिवसांनी मी वरच्या खोऱ्यात गेलो. धरणाचे पाणी चढल्यावर वस्ती डोंगराच्या अंगाला वर सरकली होती. ठकूबाई दारात बसली होती. केस पांढरे झाले होते, गोंदण तसेच होते. तिने मला ओळखले. "लई दिस लावलं, कारकून," एवढेच म्हणाली, आणि उठून घराघरांतून माणसे गोळा करून आणली. पंचवीस-तीस तरी असतील. देवळापुढच्या कट्ट्यावर कोंडिबा काठी टेकून बसला. मी बोलायला लागलो आणि माझा आवाज बारीक झाला.

"मोट्यानं बोला," कोंडिबा म्हणाला. "मागच्यास्नी काय बी ऐकू येत न्हाई."

मी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगितले. "मास्तरांनी विचारलं होतं. या ठकूबाईनेही विचारलं होतं. आडणा मी उचलला. निशाण वर होतं, मी बघितलं नाही, आणि साहेबापुढे मी खोटं बोललो. तुम्ही दोन वर्षं वळसा घातलात तो माझ्यामुळे. मास्तरांचे कान गेले ते माझ्यामुळे. तुम्ही त्यांना जे जे बोललात ते सगळं माझ्या वाट्याचं होतं. मी इतकी वर्षं गप्प बसलो. मला माफ करा."